पोलो, भाग ४ : सोळा इंची चाकं, ईटी ३८ आणि आईची कणीक

मागच्या नोंदीत माझ्या फोक्सवॅगन पोलोला कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉक ॲब्सॉर्बर) बसवून थांबलो होतो. चाक ज्यावर बसतं त्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत पुढे ३८५ मिमी भरत होतं, ते ३४५ वर आणलं; मागेही जवळपास तेवढंच. गाडी खाली आली आणि कंपनीची १५ इंची चाकं एकदम आत गेल्यासारखी दिसायला लागली. "थोरल्या भावाचा शर्ट घातलाय हिने," एक मित्र म्हणाला. बोलला ते खरंच होतं.

मग मी जे करायला नको होतं तेच केलं. नाना पेठेत एका दुकानात १६ इंची, ७ जे (म्हणजे ७ इंच रुंद), ईटी २५ (हे काय ते खाली सांगतो) असा चाकांचा वापरलेला सेट दिसला. पीसीडी, म्हणजे बोल्टच्या भोकांची मांडणी, ५×१०० (१०० मिमीच्या वर्तुळावर पाच), आपल्या गाडीचीच. विकणारा म्हणाला, "दादा, पोलोला बसतंच. डोळे झाकून न्या." मी खरोखरच डोळे झाकून नेलं. त्यावर १९५/५० चे (रुंदी १९५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ५० टक्के) टायर चढवले, सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली, आणि काय सांगू, चाक मडगार्डच्या अगदी रेषेत! फोटो काढले, सगळ्यांना पाठवले. रविवारी मागच्या सीटवर तीन धष्टपुष्ट मित्र घेऊन जुन्या कात्रज घाटाकडे निघालो. पहिल्याच मोठ्या गतिरोधकावर मागून 'खर्रर्र' आवाज आला, पाठोपाठ जळक्या रबराचा वास. उतरून पाहिलं तर मागच्या डाव्या टायरचा खांदा खोबरं किसावं तसा किसला गेला होता आणि मडगार्डची आतली दुमड घासून चकचकीत झाली होती.

गाडी सपाट जागी रिकामी उभी असताना चाक किती बाहेर दिसतं, याला काही अर्थ नसतो. स्प्रिंग दबल्यावर टायर कुठे जातो ते बघायचं असतं. हे मला माहीत होतं, चार जणांना शिकवलंही होतं. पण चाकं घरात आल्यावर माप घ्यायला बसलो. वरातीमागून घोडं.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. चाकाची पाठ हबला जिथे टेकते ती जागा आणि चाकाच्या रुंदीचा बरोबर मध्य, यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. चाकावर तो 'ईटी' म्हणून कोरलेला असतो. जर्मन 'आइनप्रेसटीफे' शब्दावरून ते आलंय. आपल्या गाड्यांत ईटी जितका मोठा, तितकं चाक आत, आणि जितका लहान तितकं बाहेर. पण नुसत्या ईटीवर काहीच ठरत नाही, कारण रुंदी बदलली की दोन्ही कडा सरकतात. कंपनीचं चाक ६ जे, ईटी ३८. सहा इंच म्हणजे १५२.४ मिमी, निम्मे ७६.२. हबपासून बाहेरची कड ३८.२ मिमी, आतली ११४.२. आता ७ जे, ईटी ३८ घ्या: बाहेर ५०.९, आत १२६.९. म्हणजे ईटी तोच ठेवूनही दोन्ही बाजूंना १२.७ मिमी वाढले. आणि माझं ते ७ जे, ईटी २५? बाहेर ६३.९. कंपनीपेक्षा साडेपंचवीस मिमीहून जास्त बाहेर! (रिमचे ओठ या हिशेबात नाहीत, पण ते दोन्हीकडे सारखेच असतात, फरक बदलत नाही.)

हे झालं रिमचं. मडगार्डला घासतो तो टायर, आणि इथे आणखी एक गोम आहे. टायरवर छापलेली रुंदी ही ठरावीक रिमवर मोजलेली असते. १९५/५० चं माप ६ इंची रिमवर घेतात. ७ इंची रिमवर तो साधारण १० मिमी पसरतो. अर्ध्या इंचाला ५ मिमी, हा ढोबळ हिशेब लक्षात ठेवा. म्हणजे माझा '१९५' प्रत्यक्षात २०५ च्या आसपास. कंपनीचा १८५ सुद्धा तसाच ६ जे वर १९० च्या जवळ भरतो. फरक १५ मिमी, दर बाजूला साडेसात.

आता मुख्य काम, मागे नेमकी जागा किती आहे ते शोधणं. मागची दोन्ही स्प्रिंगं काढून जॅकने चाक वर ढकलून बघायची पद्धत चांगली आहे, पण ती सरळ धक्का दाखवते. वळणावर गाडी एका अंगाला झुकल्यावरचं चित्र कळत नाही. इंटरनेटवर लोक मातीसारखा प्लॅस्टिसिन लावतात. माझ्याकडे तो नव्हता. स्वयंपाकघरात परातीत कणीक भिजवून ठेवलेली होती.

"पोळ्यांची कणीक गाडीला कशाला रे?" आईने विचारलं. मी म्हटलं, माप घ्यायचंय. तिने एक उंडा दिला आणि वर बजावलं, "तो परत आणू नकोस."

तेल लावून कणकेच्या जाडसर वळ्या केल्या, प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत गुंडाळल्या आणि चिकटपट्टीने मडगार्डच्या दुमडीवर आतून, चाकाच्या वरच्या भागात तीन-तीन ठिकाणी लावल्या. कंपनीची चाकं परत बसवली. मागे तेच तिघे. मग घरापासून कात्रजच्या बोगद्यापर्यंत, वाटेतला एकही गतिरोधक न चुकवता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीत गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असा लांबट, गोल पाठीचा आहे. आपल्या गल्लीतले रात्रीत उगवलेले डांबराचे उंचवटे त्या कागदाला ओळखत नाहीत, त्यामुळे चाचणी खडतर होते. एका अर्थी बरंच.

घरी येऊन वळ्या ब्लेडने अर्ध्यातून कापल्या आणि सर्वांत पातळ जागी कॅलिपर लावला. उजवीकडे १६ मिमी. डावीकडे १२! मी पुन्हा मोजलं, तेवढंच. मागची दोन्ही चाकं जोडणारा बीम गाडीच्या अगदी मध्यावर नसतो, दोन-चार मिमी इकडेतिकडे असतोच. याचा अर्थ कमी भरणाऱ्या बाजूवरून ठरवायचं. ईटी २५ ने टायर १३ अधिक साडेसात, म्हणजे साडेवीस मिमी बाहेर येतो. उजवीकडेही घासणारच होता. ईटी ३५ ने साडेदहा, डावीकडे दीड मिमी उरतो. ईटी ३८ ने साडेसात, डावीकडे साडेचार. दुमड रोलरने वर चेपून घेता येते, हीट गनने रंग गरम करून. मी ते केलं नाही. तिथला रंग फुटला की पावसाळ्यात गंज धरतो आणि तो दिसेपर्यंत उशीर होतो.

पुढच्या चाकांना आतल्या बाजूला स्ट्रट (स्प्रिंग-शॉकचा खांब) आणि टायर यांच्यात १७ मिमी होतं. साडेसात गेले तरी साडेनऊ राहतात. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की मडगार्डच्या आतला प्लॅस्टिकचा लाइनर जरा लागत होता, त्याचा एक स्क्रू आत घेतला, मिटलं.

टायरच्या मापावर मित्रांत वाद झाला. एकाचं म्हणणं २०५/४५ आर१६ ('आर' पुढचा आकडा रिमचा व्यास, इंचात) घे, गाडी अजून खाली दिसेल. हिशेब असा: कंपनीचा १८५/६० आर१५ म्हणजे ६०३ मिमी व्यास. १९५/५० आर१६ चा ६०१, आणि २०५/४५ आर१६ चा ५९१, दोन टक्के कमी. त्याने स्पीडोमीटर शंभर दाखवताना गाडी आधीपेक्षाही दोनने कमी पळते, ते चालेल. मला नको होती ती बाजूची भिंत: १९५/५० ची साडेसत्याण्णव मिमी, ४५ ची ९२. आधी १११ होती. पुण्यातल्या खड्ड्यांत ते पाच मिमी मला रिमपेक्षा रबरात हवेत. शिवाय लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) जुन्याइतकाच, ८४, म्हणजे दर टायरला ५०० किलो. याखाली उतरू नका.

नवीन ७ जे, ईटी ३८ सेट आला. मधलं भोक ७३.१, आपला हब ५७.१, म्हणून मध्ये ॲल्युमिनियमच्या रिंगा. बसवताना मात्र अंगावर काटा आला. मुलगा इम्पॅक्ट गन घेऊन कंपनीचे जुने बोल्ट मारायच्या बेतात होता! फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचं बूड गोल असतं; बाजारातल्या बहुतेक अलॉयना ६० अंशी शंकूचं लागतं. गोल बूड शंकूत फक्त बारीक रेषेवर टेकतं आणि चालता चालता सैल होतं. एम१४×१.५ चे शंकूचे बोल्ट घेतले, हाताने आटे धरले, टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटर, आणि ऐंशी किलोमीटर चालवून परत तपासले.

अलाइनमेंट शेवटी. पुढे कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर कल) उणे १.४ अंश आला, तो राहू दिला. टो (वरून बघताना चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) मात्र बिघडला होता, तो जवळपास शून्यावर आणला. खाली घेतलेल्या गाडीचा टायर आतून खाल्ला जातो तो बहुतेक वेळा टोमुळे, बिचाऱ्या कॅम्बरला उगाच शिव्या पडतात.

कागदाचंही सांगून ठेवतो: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं आणि २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्याकडे जास्त काटेकोरपणे बघतात. मडगार्डच्या बाहेर आलेलं चाक लांबून ओळखू येतं. विमा कंपनीला कळवा.

सध्या ९०० किलोमीटर झालेत. उजवीकडे काहीच नाही. डावीकडे पाच जण भरून सोसायटीच्या गेटचा उंचवटा तिरका घेतला तर एक हलका 'खस' येतो. परवा खडूने टायरच्या खांद्यावर रेघ मारून बघितलं, तर घासत होती ती दुमड नव्हेच. मागचा बंपर मडगार्डला जोडणाऱ्या टॉर्क्स स्क्रूचं डोकं सुमारे पाच मिमी बाहेर आहे. शनिवारी तो काढून चपट्या डोक्याचा बसवतोय. ईटी २५ चा सेट जिन्याखाली पडलाय, कुणाला हवा असेल तर आधी कणीक लावा, मग फोन करा.