नकाशाच पळून राहिला

मागच्या मे महिन्यात काटोलजवळच्या एका संत्र्याच्या बागेत माझं दोन महिन्यांचं काम पाच मिनिटांत आडवं झालं, आणि आडवं कोणी केलं तर ज्यांच्यासाठी ते बनवलं त्या काकांनीच.

काम म्हणजे टॅबवरचं अ‍ॅप. बागेचा सॅटेलाइट फोटो दिसतो, त्यावर डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, लागलेला भाग बोटाने सिलेक्ट करायचा. आता एकेक झाडावर टॅप करा म्हणणं सोपं आहे, पण ६ बाय ६ मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी २७७ झाडं बसतात, कोण टॅप करत बसते? मग चौकोन ओढायचा का, तर तेही नाही, कारण डिंक्याची बुरशी मातीतून अन् पाण्यातून पसरते, ओलिताचं पाणी जिकडे वाहतं तिकडे झाडं धरत जाते, त्यामुळे डाग असतो लांबट, वाकडातिकडा, चौकोन ओढला तर अर्धी चांगली झाडं पण आजारी होऊन जातात. म्हणून मी लॅसो केला. बोट अर्धा सेकंद दाबून धरा, मग भोवती रेघ ओढा, बोट उचललं की घेरा बंद. न थांबता बोट सरकवलं तर नकाशा सरकेल, दोन बोटांनी झूम. आयटी पार्कच्या एसीत बसून एकदम मख्खन.

काकांनी टॅब मोटरसायकलच्या सीटवर ठेवला, एका हातात दुपट्टा, घाम पुसणं चालूच, दुसऱ्या हाताने रेघ. दोन-तीनदा केलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाबू, मी रेघ ओढून राहिलो तं हा नकाशाच पळून राहिला!"

अँड्रॉइडमध्ये बोट ८ डीपी (स्क्रीनवरचं माप), म्हणजे जेमतेम सव्वा मिलीमीटर हललं की सिस्टम त्याला ड्रॅग समजते अन् दाबून धरणं रद्द. टेबलावर हे कधी जाणवत नाही. उभ्या-उभ्या, उन्हात, डुगडुगत्या सीटवर अर्धा सेकंद बोट स्थिर ठेवून दाखवा बरं! त्यात ४५ डिग्री. ही स्क्रीन दाब ओळखत नाही, विजेतला बारीक बदल ओळखते आणि खारट घामातून वीज मस्त जाते, म्हणजे थेंब टपकला की तो स्क्रीनसाठी दुसरं बोट, की झालं झूम सुरू. आणि वरून ज्या झाडाला धरायचं ते बोटाखालीच लपलेलं.

आधी मी आळशी उपाय केला, हात आणि पेन अशी दोन मोडची बटणं. बेकार आयडिया. आपण कोणत्या मोडमध्ये आहोत हे मलाच आठवत नव्हतं, काकांना कुठून आठवणार.

खरं उत्तर सुचलं एके रात्री सीताबर्डीवरून कॅब मागवताना. पिन स्क्रीनच्या मधोमध ठाम उभी, खालून नकाशा सरकतो. अरे, नकाशा पळतो ना, तर पळू द्या की त्याला! लॅसो काढला, मधोमध एक फुली ठेवली, नकाशा सरकवून झाड फुलीखाली आणायचं आणि मोठं बटण दाबायचं, त्यावर लिहिलं 'खुंटी ठोका'. दोन खुंट्यांमध्ये रेघ आपोआप, पहिल्या खुंटीवर परत आलं की घेरा बंद. वाकड्या डागालाही सात-आठ खुंट्या पुरतात. बोट फुलीपासून दूर कुठेही फिरवा, झाड झाकलंच जात नाही. बटणाला किमान ४८ डीपी द्या असं गुगलचं म्हणणं, मी दुप्पट दिलं.

जूनमध्ये परत गेलो. काकांनी न विचारता सहा खुंट्या ठोकल्या, सातवी धुऱ्याच्या पल्याड गेली, तर तिला बोटाने ओढायला लागले अन् ती पुन्हा बोटाखाली गायब. ते मी सोडवलंच नव्हतं. आता खुंटीवर टॅप केलं की तीच सरकून फुलीखाली येते, मग परत नकाशाच हलवायचा.

निघताना काका म्हणाले, "बाकी ठीक आहे, पण ते बटन डाव्या बाजूनं दे ना, मी डावखुरा हाओ." दोन्ही वेळा मी त्यांच्या शेजारी उभा होतो बे.