बिचारा दिवा

दुपारी माळा आवरायला काढला की कुठल्या तरी खोक्याच्या तळाशी ट्यूबलाइटचा एक चोक निघतोच. लोखंडी, जड, गंजलेला. उपयोग शून्य, पण टाकवत नाही. शेजारी दोन-तीन स्टार्टर. त्यातला चालू कुठला आणि गेलेला कुठला हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून सगळेच जपलेले.

एकेकाळी ट्यूब लावायला अख्खं घर लागायचं. एकजण स्टुलावर, एकजण स्टूल धरून, आणि धाकट्याकडे बटणाचं खातं. ट्यूब पाव फेरा फिरवून बघायची, नाहीच पेटली तर स्वयंपाकघरातला स्टार्टर काढून आणायचा. ही अदलाबदल खरं तर अगदी बरोबर होती. स्टार्टरच्या डबीत काचेची इवलीशी बाटली असते, तिच्यात दोन धातूंची पट्टी. आतला गॅस चमकतो, पट्टी तापून वाकते आणि चिकटते. तेवढ्यात ट्यूबची दोन्ही टोकं तापतात. पट्टी गार होऊन सुटते, आणि त्या सुटण्याच्या क्षणी चोक असा झटका देतो की ट्यूब पेटते. मग स्टार्टर काढून खिशात घातला तरी तिचं काही अडत नाही. टोकं नारिंगी तापलेली आणि मध्ये अंधार असेल, तर स्टार्टरची पट्टी चिकटून बसली. टोकं काळी पडून नुसती फडफड चालली असेल, तर ट्यूबच म्हातारी झाली.

रात्री मात्र झिरोचा बल्ब. नाव झिरो, खाणार पंधरा वॅट! आज नऊ वॅटच्या एलईडीत अख्खी खोली उजळते.

पण एलईडी आला तरी दिवा लुकलुकला की 'बल्ब गेला' म्हणायची सवय काही गेली नाही. आधी तोच बल्ब दुसऱ्या खोलीत लावून बघावा. तिथे शहाण्यासारखा चालला तर गुन्हेगार बहुधा होल्डर. त्या दिव्याचा एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला आपोआप पडणारा खटका, पाडायचा, वीज गेल्याची टेस्टरने खात्री करायची, आणि तो टेस्टरसुद्धा आधी चालू प्लगात घालून तपासलेला हवा. मग होल्डरमधल्या दोन पितळी पिना बोटाने दाबून बघायच्या. दाबल्यावर टुणकन वर आल्या पाहिजेत. एखादी आतच रुतून बसली, तर स्प्रिंग तापून मेली. पिनेच्या टोकावर काळी पूड आणि बेकेलाइटला भेग दिसली, तर घासूनपुसून वेळ मारून नेऊ नये, नवा होल्डर बसवावा. बसवताना वायरचं काळं पडलेलं टोक कापायचं, नवं तांबं सोलायचं, स्क्रू आवळायचा आणि वायर हलकेच ओढून बघायची. हे ओढून बघणंच नेमकं राहून जातं.

होल्डर धडधाकट आणि तरी बल्ब सहा महिन्यांत जातो, असं असेल तर त्याच्यावरची काचेची बंद हंडी बघा. एलईडीला उष्णता सोसत नाही. दिव्यांचे ठिपके शाबूत असतात, आतल्या ड्रायव्हरमधला, म्हणजे त्यांना वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला, कपॅसिटर सुकून जातो. हंडी देखणी असते, हे मान्य.

सगळ्यात मजेची तक्रार म्हणजे बटण बंद केल्यावरही अंधारात मिणमिणणारा दिवा. घरात यावर नाना तर्क चालतात. कधी कारण साधं असतं: बटणातला लाल इंडिकेटर, किंवा जिन्याच्या टू-वेच्या (एकाच दिव्याला वर-खाली दोन बटणं) शेजारी शेजारी धावणाऱ्या लांब वायरी. तेवढ्या गळतीवरही एलईडी जागा राहतो. पण कधी वायरिंग करणाऱ्याने बटण फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेवर, न घालता न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर घातलेलं असतं. बटण बंद असताना होल्डरच्या पिनेला टेस्टर लावावा. लख्ख पेटला तर समजावं, फेज तिथे चोवीस तास उभा आहे. तारेचा बल्ब इतक्याशा प्रवाहाला दाद देत नव्हता, म्हणून भिंतीतली ही चूक वर्षानुवर्षं झाकली गेली. बटण बंद केलंय म्हणून निर्धास्तपणे होल्डरला हात लावणाऱ्याचं नशीब, दुसरं काय. दुरुस्ती बोर्डातच होते, पण ती वायरमनने करावी.

मिक्सर लावल्यावर दिवा क्षणभर मंदावणं चालायचंच. पण एका खोलीतले दिवे अचानक झगझगीत आणि दुसरीतले मंद झाले, पंखा भलताच जोरात फिरू लागला, तर बल्ब बदलत बसू नका. घरात थ्री-फेज जोडणी (तीन फेज, एकच न्यूट्रल) असेल तर ही न्यूट्रल सुटल्याची खूण आहे, आणि 230 व्होल्टच्या जागी काही वायरींवर चारशेच्या आसपास चढू शकतात. फ्रिज, टीव्ही एकेक करून बंद करायला धावू नका. आधी मेन स्विच पाडा.