आगोट आणि डी ड्राइव्ह

मे संपत आला की आमच्या घरात सासूबाईंचं राज्य सुरू होतं. एरवी त्या फारशा बोलत नाहीत, पण आगोटीचे, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीचे, दिवस आले की चहाच्या आधी हुकूम सुटतात. आमसुलं फिरवलीस का? खारे बांगडे उन्हात घातलेस का? सरपण पडवीत आलं का? मसाल्याच्या बरणीला दादरा नीट बांधलास का, की गेल्या वर्षीसारखी जाळी धरणार? मृगाचा पहिला पाऊस पडायच्या आत वेंगुर्ल्याच्या आमच्या घरातली प्रत्येक खायची वस्तू सुकवलेली, झाकलेली, बांधलेली असते. बियाण्याचं भात तर त्या दोन ठिकाणी ठेवतात. थोडं आमच्या माळ्यावर, थोडं जावेच्या घरी. "उंदीर काय सांगून येतत?" असं त्यांचं म्हणणं.

या घरात एकच वस्तू अशी होती की तिची आगोट कुणी केली नव्हती. माजघरातल्या कोपऱ्यातला कॉम्प्युटर.

खरं तर घराचं अर्धं पोट त्याच्यावर. आंब्याच्या पेट्यांचे हिशेब, कोकम आगळाच्या बाटल्यांची मागणी, मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांचे पत्ते, कुणाला पाच डझनाची पेटी लागते, कुणाचे पैसे गेल्या वर्षीपासून राहिलेत, सगळं त्याच्या पोटात. वर मुलाचे फोटो. मी त्याची काळजी घ्यायचे म्हणजे काय, तर वर एक प्लास्टिकचं कव्हर घालायचे. कव्हर छान होतं, त्याला झालरही होती.

२०१८ च्या जुलैत, ऐन आषाढात, तो एका सकाळी नुसता पीप पीप करत राहिला. पंखा फिरतोय, दिवा लागतोय आणि पडद्यावर अंधार. बाजारातला दुरुस्तीवाला पोरगा रेनकोट निथळत आला. पडवीत बाकावर डबा आडवा ठेवून त्याने बाजूचा पत्रा काढला, आत बॅटरी मारली आणि थोडा वेळ गप्पच राहिला. मग म्हणाला, "वयनी, हेच्यात पालीन संसार थाटल्यान हा."

खरंच थाटला होता. वीजपुरवठ्याच्या डब्याशेजारी उबेला दोन पांढरी वाळकी अंडी. पंख्याच्या पात्यांवर करडी लोकर. पण मला आठवतो तो रंग. मेमरीच्या पट्टीच्या खाचेजवळ, नखाएवढ्या तांब्याच्या जागेवर, हिरवट शेवाळी रंग. चिंच न लावता ठेवलेल्या देवाच्या भांड्यांवर येतो तो.

आमच्याकडचा धुरळा साधा धुरळा नसतो, त्यात समुद्र असतो. हवेतला ओलावा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ आपलं आपण पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. जुलैत मिठाच्या बरणीला पाझर फुटतो तो त्यामुळेच, हे प्रत्येक कोकणी बाईला पाठ आहे. तेच मीठ कॉम्प्युटरच्या आत बारीक धुरळ्यात बसलेलं असतं. तेही पावसाळ्यात पाझरतं, आणि खारं पाणी वीजही वाहून नेतं आणि तांबंही खातं. माझ्या झालरीच्या प्लास्टिक कव्हराने एवढंच केलं होतं की आतला ओलावा आतच कोंडून ठेवला होता. बरणीला कापडी दादरा का बांधतात, घट्ट प्लास्टिक का नाही, हे सासूबाईंना विचारलं असतं तरी चाललं असतं.

पोराने मेमरीची पट्टी काढली, माझ्या मुलाच्या कंपासपेटीतला खोडरबर मागितला आणि पट्टीची सोनेरी कड हलक्या हाताने पुसली. ब्रशने खाच झाडली. पट्टी परत बसवली. पडदा उजळला. मी देवाला हात जोडले, तर पोरगा डब्याला कान लावून बसलेला. आतून बारीक कट-कट आवाज येत होता.

"कॉपी काढून ठेवल्यात मां?"

"आहे ना," मी तोऱ्यात म्हटलं. "सगळं डी ड्राइव्हवर पण ठेवलंय."

तो हसला नाही, याबद्दल मी अजून त्याची ऋणी आहे. "डी ड्राइव म्हणजे वेगळो डबो न्हय, वयनी. ह्योच डबो, मधी फळी मारलेली."

सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही असं मी समजत होते. त्या म्हणाल्या, "एकाच फळयेर दोन बरणयो! फळी मोडली काय दोनय गेल्यो." आणि आत निघून गेल्या.

कॉम्प्युटरमध्ये फायली जिथे राहतात त्या डिस्कच्या आत तबकड्या असतात. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि त्यांच्यावरून वाचणारी सुई न टेकता तरंगते. मधलं अंतर इतकं कमी की माणसाचा केस त्यापुढे माडासारखा जाड. ती सुई एकदा टेकायला लागली की असा आवाज येतो. पोराने डिस्क काढून दुकानात नेली, दोन दिवस बसून निघेल तेवढं काढलं. हिशेब निघाले, पत्ते निघाले. मुलाच्या पहिल्या दीड वर्षाच्या फोटोंचा फोल्डर नुसता नावापुरता उरला. उघडला की रिकामा.

त्यातले वीस-बावीस फोटो नंतर मिळाले ते डोंबिवलीहून. भावोजींना मी कधीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. आक्रसलेले, पुसट, पण होते. हा धागा माझ्या डोक्यात राहिला.

तेव्हापासून मेच्या दुसऱ्या आठवड्यात, आमसुलं सुकत असतात त्याच अंगणात, आमच्या कॉम्प्युटरचीही आगोट होते. प्लग काढायचा, बंद केल्यावरही चालू करायचं बटण दोन-चार सेकंद दाबून धरायचं म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते, आणि डबा पडवीत आणायचा. रंगाऱ्याचा एक इंची नवा ब्रश आणि भाड्याने आणलेला ब्लोअर. पंख्यावर हवा मारताना त्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. आमच्या ह्यांनी पहिल्या वर्षी ते धरलं नाही, पंखा भिरभिरायला लागला तेव्हा मुलाला गंमत वाटली, पण तसा सुसाट फिरला की त्याचं बेअरिंग जातं. कीबोर्ड उलटा करून हलक्या हाताने आपटला की त्यातून एका संसाराचा हिशेब निघतो: शितं, शेव, टिकलीची चमकी, आंब्याचं एक केसर. पडदा कोरड्या मऊ फडक्याने पुसायचा, फारच डाग असेल तर फडकं ओलसर करायचं. पाणी पडद्यावर कधी शिंपडायचं नाही. वर आता जुन्या सुती साडीचं झाकण असतं. आणि पावसाळ्यात काम असो नसो, रोज तासभर तो चालू ठेवते. स्वतःच्या उबेने तो स्वतःला सुकवतो.

विजेचं प्रकरण मी इथे थोडक्यात उरकते, कारण आठवलं की अजून राग येतो. वळवाच्या पावसात मी शहाणपणाने कॉम्प्युटरचा प्लग काढला होता. इंटरनेटची वायर मात्र तशीच राहिली. वीज त्या वाटेने आली. राउटर गेला, सोबत मदरबोर्डवरचं नेटचं तोंडही. आता गडगडायला लागलं की दोन्ही काढते, गावात कुणी हसलं तरी.

फायलींच्या साठवणीचं मात्र मी मन लावून केलं. एक टेराबाइटच्या दोन डिस्का घेतल्या. एक आमच्याकडे, स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, माझ्या मसाल्याच्या डब्याच्या वरच्या खणात. दुसरी डोंबिवलीला भावोजींकडे. संकष्टीला दुपारनंतर माझी डिस्क जोडायची. तसाही त्या दिवशी स्वयंपाक नसतो आणि चंद्रोदयाची वाट बघत बसायचंच असतं. चंद्र उगवेपर्यंत कॉपी होते. झाली की डिस्क काढून परत डब्यात. जोडलेली ठेवायची नाही. वीज तर आहेच, शिवाय २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा जो व्हायरस जगभर फिरला, तो कॉम्प्युटरला कुलूप घालून खंडणी मागत होता, आणि अशी कुलपं जोडलेल्या डिस्कलाही बसतात. भावोजी गणेश चतुर्थीला येतात ते त्यांची डिस्क घेऊन आणि जाताना माझी नेतात. मेमध्ये पुन्हा अदलाबदल. मोदक, खाजं, नारळ, आणि टॉवेलात गुंडाळलेली डिस्क. चाकरमानी या माणसाचा इतका चांगला उपयोग याआधी कुणी केला नसेल.

"क्लाउडवर टाक की," असं मला शहरातली मंडळी सांगतात. हिशेब आणि कागदपत्रं टाकतेच. पण माझे फोटो ४० जीबी, आणि आमच्याकडे नेटचा वर चढायचा वेग चांगल्या दिवशी २ एमबीपीएस. गणित केलं: सलग ४४ तास. श्रावणात सलग ४४ तास वीज आणि नेट दोन्ही असणं ही देवाला नवस बोलायची गोष्ट आहे. कोकण रेल्वे तीच डिस्क एका रात्रीत पोचवते. आणखी एक म्हणजे फोनमधला फोटो पुसला की त्याच्याशी जुळलेला क्लाउडवरचाही पुसला जातो. काही दिवस कचरापेटीत पडून राहतो तेवढाच. आरशात दोन माणसं दिसली म्हणून ताटं दोन मांडत नाहीत.

२०२१ च्या मे महिन्याची १६ तारीख. तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून वर गेलं. माड पडले, कौलं उडाली, विजेचे खांब आडवे. कॉम्प्युटर कोरडा, डिस्क डब्यात सुखरूप, आणि वीज नाही. फोनला रेंज नाही. शेवटच्या फेरीच्या पेट्या थांबलेल्या, गिऱ्हाइकं मुंबईत वाट बघत असणार, आणि त्यांचे नंबर माझ्या मसाल्याच्या डब्याच्या वर, हाताच्या अंतरावर, काही उपयोगाचे नाहीत. तिकडे डोंबिवलीत भावोजींनी बातम्या बघितल्या, आमचा फोन लागेना म्हणून दिवसभर घिरट्या घातल्या, आणि संध्याकाळी आपली डिस्क जोडली. यादी उघडून एकेकाला कळवलं, वादळ झालंय, पेट्या येणार नाहीत, पैसे परत मिळतील. मला हे सहा दिवसांनी कळलं. पैसे परत मागितले दोघांनीच.

आता गाऱ्हाण्याचं सांगते.

मामंजींनी २००४ साली घराण्याचं गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे उभं राहून घालायचं मागणं, टाइप करून ठेवलं होतं. कुठल्या देवाचं नाव कुणाच्या मागून घ्यायचं, कुठल्या पूर्वजाला कशी हाक मारायची, सगळं क्रमाने. "माझ्यामागून पोरं चुकतील," म्हणून. मोडक्या डिस्कमधून निघालेल्या फायलींत ती फाइल होती, धडधाकट. मी आनंदाने उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस आणि उद्गारचिन्हांची भेळ. त्या काळी मराठी बहुतेक टाइप व्हायचं ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना कळणाऱ्या एकाच लिपी-पद्धतीत नाही, तर ज्याच्या त्याच्या फॉन्टमध्ये. पडद्याला दिसायचं मराठी, आत असायची इंग्रजी अक्षरंच. तो फॉन्ट नव्या कॉम्प्युटरवर नसला की मराठी उतरून जातं. बरणी शाबूत होती, झाकणही घट्ट होतं, आणि आतलं लोणचं ओळखू येत नव्हतं. दोन डिस्कांवर दोन प्रती, एक वेंगुर्ल्यात, एक डोंबिवलीत, आणि दोन्ही ठिकाणी भेळ.

पोराने जुन्या डिस्कमधून तो फॉन्ट हुडकून काढला. मग एका कन्व्हर्टरमधून फाइल युनिकोडमध्ये आणली. मराठी परत उमटलं तेव्हा सासूबाई चष्मा लावून पुढे आल्या आणि उभ्याने वाचत राहिल्या. मध्येच म्हणाल्या, "ह्या त्येंनी माका कधी सांगूक नाय." काय ते मी विचारलं नाही.

पण कन्व्हर्टर म्हणजे काही मामंजी नव्हेत. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची पद्धत. ती नेमक्या अक्षरावर आणून बसवताना यंत्राचा पाय घसरतो. मी बसून दुरुस्त्या केल्या, तीन पानं डोळ्यांत तेल घालून, आणि नवी प्रत दोन्ही डिस्कांवर ठेवली. भावोजींच्या फोनवर मात्र मी आधीच पाठवलेली, न तपासलेली प्रत राहिली होती.

चतुर्थीला गणपतीपुढे गाऱ्हाणं घालायला तेच उभे राहिले. डोक्याला टॉवेल, हात जोडलेले, जोडलेल्या हातांत फोन. "बा देवा म्हाराजा..." आवाज थेट मामंजींचा. वेतोबा झाला, सातेरी झाली, रवळनाथ झाला. पुढे गिरोबा यायचा. पडद्यावर वेलांटी एक घर पुढे सरकून "गरिोबा" झालेला. भावोजी क्षणभर अडखळले, आणि मग खणखणीत आवाजात म्हणाले, "आणि देवा गरिबा, तू पण पाठीशी उभो रव."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. बाकी सगळं घर, लहानथोर, चाळीसेक माणसं, एका सुरात म्हणाली, "होय म्हाराजा!"