तिकडे आता किती वाजले असतील?

माझा मुलगा दिब्रुगढजवळच्या एका चहाच्या मळ्यात नोकरीला आहे आणि आम्ही दोघे नाशिकला गंगापूर रोडवर राहतो. त्याला फोन लावण्याआधी मी सवयीने ‘तिकडे आता किती वाजले असतील’ असे पुटपुटतो आणि ऐकणारा हमखास विचारतो, की अहो, आसाम भारतातच आहे ना, मग वेळ वेगळी कशी? तुम्हीही परवा तेच विचारलेत, म्हणून एकदाचे नीट लिहून टाकतो.

भारताची प्रमाणवेळ १९०६ पासून मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर बेतलेली आहे. नाशिक त्याच्या पश्चिमेला पावणेनऊ अंशांवर आहे, तर दिब्रुगढ पूर्वेला साडेबारा अंशांच्या आसपास आहे. एक अंश ओलांडायला सूर्याला चार मिनिटे लागतात, त्यामुळे दोन्हीकडची घड्याळे मिनिटाला मिनिट जुळत असली तरी आमच्या माथ्यावरचा सूर्य त्याच्या सूर्यापेक्षा सुमारे ८४ मिनिटे मागे असतो. डिसेंबरच्या अखेरीस आमच्याकडे सातनंतर उजाडते आणि सहाच्या सुमारास मावळते; तिकडे सहाच्या आत सूर्य वर आलेला असतो आणि सव्वाचार-साडेचारला दिवस संपतो. मागच्या डिसेंबरात पावणेपाचला त्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवरचे धुणे काढत होतो आणि पाठीवर चांगले ऊन होते. तो म्हणाला, “बाबा, इकडे दिवे लागले.” हिने नेहमीप्रमाणे चहा झाला का विचारले, तर म्हणाला, “आई, चहाचे काय घेऊन बसलीस, आता जेवणाचे वेध लागलेत.”

मळेवाल्यांनी यावर ब्रिटिशांच्या काळापासूनच स्वतःपुरता तोडगा काढलेला आहे. त्याला ते ‘बागान टाइम’ म्हणतात आणि तो प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असतो. हे मला ठाऊक नसताना मी एका एप्रिलमध्ये तिकडे गेलो होतो. खुडणी सातला सुरू होते असे ऐकून मी बरोबर सातला बाहेर पडलो, तर बायकांच्या पाठीवरच्या टोपल्या बुडापासून बऱ्याच वर भरलेल्या होत्या. माझ्या मनगटावर सात वाजले होते आणि त्याच्या कचेरीतल्या भिंतीवर आठ.

ईशान्येला वेगळी वेळ द्यावी ही मागणी जुनी आहे. २०१४ मध्ये आसामचे तेव्हाचे मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी ती जाहीरपणे मांडली होती. दोन वेळा झाल्या तर रेल्वेत गोंधळ होईल, हा आक्षेप मला पटतो. पण दिब्रुगढात घड्याळ दहा दाखवते तेव्हा सूर्याच्या हिशेबाने अकराला दहाच मिनिटे कमी असतात, म्हणजे दहाला उघडणाऱ्या कचेरीने सकाळ वाया घालवून संध्याकाळी दिवे जाळायचे, हेही काही शहाणपणाचे नाही. आपल्या बाजूने याची झळ कळत नाही, कारण जूनमध्ये आपल्याला सव्वासातपर्यंत उजेड फुकटात मिळतो. (आणि प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली स्वतःची वेळ मुंबईने १९५५ पर्यंत सोडली नव्हती, हे विसरून आपण आसामवाल्यांना हट्टी म्हणू नये.)

फोनचे म्हणाल, तर तो आम्ही सकाळी आमचा पहिला चहा होण्याआधी करतो किंवा रात्री आठच्या आत, कारण त्यानंतर आमच्या गॅसवर आमटी उकळत असते तेव्हा तो अंथरुणावर पडलेला असतो.