पंधरा मिनिटांची गाडी आणि मागे राहिलेलं ईलिंग

आधी निकाल सांगतो, रडगाणं नंतर. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून शहरातल्या पॅडिंग्टन स्टेशनला जाणारी हीथ्रो एक्स्प्रेस ही गाडी उत्तम आहे, आणि हे वाचणाऱ्या बहुतेकांनी तिच्यात बसू नये.

मी डोंबिवलीचा. तीस वर्षं ८:१४ च्या फास्टने उभ्याने गेलेला माणूस. लंडनला भाचीकडे जायचं ठरलं तेव्हा बायकोच्या यादीत राजवाडा आणि म्युझियम होतं, माझ्या यादीत गाड्या. त्यात २०२५ हे आपल्याकडच्या विजेच्या गाडीचं शंभरावं वर्ष. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली. त्यामुळे ठाण्यातल्या एजंटने व्हिसाच्या कागदांबरोबर हळूच विचारलं, "सर, एअरपोर्टवरून फास्ट ट्रेन टाकू का? प्रीमियम आहे, पंधरा मिनिटांत लंडन," तेव्हा मी भाव न विचारता मान डोलावली. माणशी ३,२०० रुपये. तिथेच फसलो. भाची कुठे राहते हे त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

भाची राहते ईलिंगला. हे नाव लक्षात ठेवा.

टर्मिनल २ ला उतरलो. भारतीय पासपोर्टला ई-गेट, म्हणजे पासपोर्ट यंत्रानेच तपासणारं दार, चालत नाही, रांग लावावीच लागते, तेव्हा "पंधरा मिनिटं" या आकड्याची घाई तिथेच निम्मी संपते. सामान घेऊन स्टेशनपर्यंत भुयारातून चालणं आहे. सरकते पट्टे आहेत, लिफ्ट आहेत, पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. दोन मोठ्या बॅगा आणि एक छोटी ओढत दहा मिनिटं चालता येत असेल तर पुढे वाचा, नसेल तर भाचीला गाडी घेऊन बोलवा आणि लाज वाटून घेऊ नका.

आता फलाट. टर्मिनल २ आणि ३ चं स्टेशन एकच, आणि लंडनकडे जाणाऱ्या दोन्ही गाड्या तिथे एकाच फलाटावर येतात. एक हीथ्रो एक्स्प्रेस, दुसरी थांबत थांबत जाणारी एलिझाबेथ लाइन. दोघींचा रंग जांभळ्याच्या घरातला. रात्रभर जागलेल्या माणसाला त्यांतला फरक कळावा ही अपेक्षाच चूक आहे. इंडिकेटरवर नाव वाचा, मग चढा. जांभळं दिसलं की चढलो, असं करू नका. कारण भाडं बघा: एक्स्प्रेसचं जागेवर काढलेलं तिकीट २५ पौंड, एलिझाबेथचं मध्य लंडनपर्यंत १३.९०, आणि जुन्या भुयारी मेट्रोच्या पिकॅडिली लाइनचं ५.८०. हे २०२५ च्या मे महिन्यातले भाव, पुढे वाढतात, तेव्हा निघताना बघून घ्या.

आम्ही एक्स्प्रेसमध्ये चढलो. चढल्यावर मात्र मी पाच मिनिटं सगळं विसरलो, खोटं कशाला बोलू.

या सेवेच्या "नव्या" गाड्या म्हणून ज्यांचं कौतुक चालतं त्या खऱ्या अर्थाने कोऱ्या नव्हेत. १९९८ साली ही सेवा सुरू झाली तेव्हाच्या मूळच्या गाड्या स्पेनच्या सीएएफने बांधलेल्या, आतली वीज-यंत्रणा सीमेन्सची. त्यांची शेवटची फेरी २८ डिसेंबर २०२० ला झाली. त्यांचा कारशेड ओल्ड ओक कॉमनला होता आणि ती जागा हाय स्पीड २ या नव्या रेल्वेला हवी होती. मग त्याच मार्गावर उपनगरी प्रवाशांना नेणाऱ्या क्लास ३८७ च्या बारा गाड्या घेतल्या, सामानाचे रॅक वाढवले, आणि २९ डिसेंबरपासून त्या विमानतळाकडे धावू लागल्या. चार डब्यांचा एक संच, बहुतेक वेळा दोन संच जोडून आठ डबे. बांधणी बंबार्डियरच्या डर्बी कारखान्यातली. म्हणजे आधी सीमेन्स, मग बंबार्डियर. आपल्या लोकलमध्येही हाच क्रम होता: २००७ ला सीमेन्स, २०१५ ला बंबार्डियर. वरची तारही तीच, पंचवीस हजार व्होल्ट एसी. आपण मुंबईत डीसीवरून तिच्यावर यायला २०१६ उजाडवलं, एवढाच फरक. गाडी सुटताना मोटरचा तो चढता सूर ऐकला आणि मी बायकोला म्हटलं, "अगं, ही तर आपली विरार!" ती म्हणाली, "अहो, पण विरारला बत्तीसशे रुपये लागत नाहीत."

बोगद्यातून वर आल्यावर गाडी पश्चिमेच्या मुख्य मार्गाला लागते आणि मग जी सुटते! क्षमता ताशी १७७ किलोमीटरची आहे, पण हलत नाही, खडखडत नाही. सीटपाशी चार्जिंग आहे, स्वच्छतागृह आहे (एलिझाबेथमध्ये नाही, हे विमानातून उतरतानाच ध्यानात घ्या). दारं डब्याच्या मधल्या भागात आहेत, लोकलसारखी, त्यामुळे सामान चढवायला सोपं. टोकाला दार असलेल्या लांब पल्ल्याच्या डब्यात जी ढकलाढकली होते ती इथे नाही.

साउथॉल गेलं. मी खिडकीला नाक लावून बसलेलो. मग एक स्टेशन सर्रकन मागे गेलं आणि पाटीवरची फक्त पहिली दोन अक्षरं वाचता आली. त्याच क्षणी फोन वाजला. "मामा, अरे मी ईलिंगच्या फलाटावर उभी आहे, तुझी गाडी कुठवर आली?"

"आत्ताच तुझ्यासमोरून गेली."

पलीकडे शांतता.

तर असं. एक्स्प्रेस हीथ्रोहून निघाली की पॅडिंग्टनशिवाय कुठेच थांबत नाही. एलिझाबेथ लाइन मात्र हेज, साउथॉल करत ईलिंग ब्रॉडवेला थांबते, हीथ्रोपासून जेमतेम वीस मिनिटं. आपली बहुतेक माणसं लंडनच्या पश्चिमेलाच असतात, हेज, साउथॉल, ईलिंग, हाउन्स्लो या पट्ट्यात. त्यांच्याकडे जाणाऱ्याने एक्स्प्रेस पकडणं म्हणजे भांडुपला उतरायचं असताना व्हीटीला जाऊन परत येणं. हाउन्स्लोवाल्यांना तर पिकॅडिली लाइनच दारात सोडते.

पॅडिंग्टनला उतरलो आणि खरी शिक्षा सुरू झाली. एक्स्प्रेस येते ६ आणि ७ नंबर फलाटावर. एलिझाबेथ लाइनचं स्टेशन जमिनीखाली, १ नंबरच्या बाजूला, ईस्टबोर्न टेरेसच्या रस्त्याखाली. नकाशावर दोन्ही पॅडिंग्टनच. प्रत्यक्षात गेटमधून बाहेर, गर्दीतून आडवं, १ नंबरच्या कडेने, मग खाली, आणि खाली. याच टप्प्यात माझ्या मोठ्या बॅगेचं चाक निखळलं. बॅग जुनी होती, दोष माझा. तेवीस किलोची बॅग एका चाकावर सरकत नाही, ती फक्त गोल फिरते. मी तिला कडेवर घेतल्यासारखी उचलली आणि इंजिनियर ब्रुनेलच्या १८५४ च्या त्या देखण्या कमानींखालून, आयुष्यभर जे स्टेशन बघायचं ठरवलं होतं तिथून, खाली मान घालून घामाघूम चालत गेलो. वर बघितलंच नाही. एक्स्प्रेसने वाचवलेली बारा-तेरा मिनिटं एवढ्यात खर्च झाली आणि वर अजून दहा गेली.

खाली गेल्यावर एक घोळ टाळा. पश्चिमेकडे जाणारी गाडी हीथ्रो, रेडिंग किंवा मेडनहेडची आहे ना ते बघा. काही गाड्या पॅडिंग्टनलाच संपतात. हीथ्रोची आली, आम्ही बसलो, आणि ज्या रुळांवरून आलो होतो त्यांच्याच शेजारून, या वेळी थांबत थांबत, ईलिंगला परतलो. भाडं वेगळं पडलं. भाची अजून फलाटावरच होती. हसली नाही, हे तिचं मोठेपण. मामीला मिठी मारली आणि मला म्हणाली, "चहा घे आधी."

घरी जाऊन तिकिटाचा कागद नीट वाचला. आगाऊ काढलेलं तिकीट, दर १० पौंड. तेव्हाच्या भावाने साडेअकराशेच्या आसपास. एजंटने घेतले बत्तीसशे. लवकर काढलं तर एक्स्प्रेसचं तिकीट १० पौंडांपासून मिळतं, कोणालाही, स्वतःच्या फोनवर, दोन मिनिटांत. ते त्याने काढलं आणि वर दोन हजार माणशी ठेवून घेतले. परत आल्यावर विचारलं तर म्हणाला, "सर, त्यात आमचा सर्व्हिस चार्ज आला ना." विमानाचं तिकीट एजंटकडून काढा हवं तर. लोकलचं काढू नका.

मग एक्स्प्रेस कोणी घ्यावी? ज्यांचं हॉटेल पॅडिंग्टनच्या आसपास चालत जाण्याजोगं आहे त्यांनी, आणि तेही आधी काढून. आणि मुलांवाल्यांनी गणित करून. पंधरा वर्षांपर्यंतची मुलं मोठ्यांबरोबर एक्स्प्रेसमध्ये फुकट. एलिझाबेथमध्ये अकरा किंवा त्याहून मोठ्या मुलाने तिकिटाऐवजी गेटला नुसतं बँकेचं कार्ड टॅप केलं तर मोठ्यांचं भाडं कापतात. म्हणजे नवरा-बायको आणि बारा-चौदाची दोन मुलं असतील तर आगाऊ एक्स्प्रेस २० पौंडांतही होऊ शकते आणि एलिझाबेथ ५५ च्या वर जाते. हे कळल्यावर मी कपाळाला हात लावला, पण आमचा मुलगा एकतीस वर्षांचा आहे. स्विंडन, बाथ, ब्रिस्टलकडे निघालेल्यांनी पॅडिंग्टनला यायचंच कशाला? हीथ्रोहून रेडिंगला थेट बस आहे, पुढची गाडी तिथे पकडा. स्विंडनला आपले गोव्याचे पुष्कळ लोक आहेत, ते हाच सल्ला देतील.

टर्मिनल ४ वाल्यांना एक्स्प्रेस थेट नाही. आधी २-३ ला या, विमानतळाच्या आतल्या आत गाडी फुकट आहे.

कार्डाचं ऐका, इथे आम्ही वाचलो ते भाचीमुळे. आपली कार्डं परदेशासाठी आणि टॅपसाठी बंद करून दिलेली असतात. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये दोन्ही चालू करा, विमानतळावर ओटीपीची वाट बघत उभे राहू नका. एका कार्डावर एकच माणूस. नवऱ्याने टॅप करून तेच कार्ड बायकोच्या हातात मागे दिलं, हे चालत नाही. आणि आत जाताना कार्ड, बाहेर पडताना फोन, असंही करू नका. बँक एक असली तरी गेटला ती दोन माणसं वाटतात आणि दोघांनाही जास्तीत जास्त भाडं लागतं.

नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला, यांतली एकही रेल्वेगाडी धावत नाही. ओल्ड ओक कॉमनच्या कामामुळे काही रविवारी आणि सुट्ट्यांच्या दिवशी पॅडिंग्टनचा मार्गच बंद असतो, तेव्हा आदल्या रात्री बघून घ्या.

बाकीचे बारा दिवस छान गेले. बाथ बघितलं, हवा चांगली होती.

परतीला ईलिंगहून थेट एलिझाबेथ पकडली, भाचीने दिलेल्या नव्या बॅगेसह. हेजच्या अलीकडे शेजारच्या रुळावरून एक्स्प्रेस आम्हाला मागे टाकून गेली. आठ डबे, काय सुंदर पळत होती. मी खिडकीकडे वळलो तेवढ्यात बायको म्हणाली, "बघा हवी तेवढी. बघायला पैसे नाहीत."