दमा असलेल्या मुलाला शर्यतीत का पळवते?

"दमा आहे ना त्याला? मग स्पर्धेत कशाला उतरवता?" नातेवाईक विचारतात, शाळेतल्या बाई विचारतात, मैदानावर शेजारी बसलेले अनोळखी पालकही विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर सांगते.

डॉक्टरांना विचारलेलं आहे. त्रास होऊ नये म्हणून घ्यायचा रोजचा पंप चालू आहे. त्रास झालाच तर लगेच घ्यायचा निळा पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची नळी, बॅगेत असतो. एवढं सांगितलं की लगेच पुढचं येतं, "मग नुसता व्यायाम करू दे, शर्यत कशाला?"

नुसता व्यायाम करून झाला. म्हणजे झालाच नाही. 5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं तरी धाप लागेल अशी हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमचा मुलगा खेळाच्या तासाला बाकावर बसायचा, कारण सगळ्यांनी त्याला तिथेच बसवलं होतं. बसून बसून दमसास कमी झाला, जिना चढतानाही धाप लागायला लागली, आणि लोक म्हणाले, बघा, दमा वाढला. त्यातली किती धाप दम्याची आणि किती बसून राहण्याची, हे कुणी तपासलंच नव्हतं.

पळताना मूल तोंडाने भराभर हवा ओढतं. त्या हवेने श्वासनलिका आतून कोरड्या पडतात आणि आकसतात. हवा थंड असेल तर जास्तच. दमसास वाढला की त्याच वेगाने पळायला कमी हवा ओढावी लागते, म्हणून त्रासही उशिरा होतो. पळण्याने दमा बरा होतो असं मात्र मी म्हणत नाही. स्वस्थ बसून फुंकर मारून घेतात त्या फुप्फुसांच्या तपासणीचे आकडे सरावाने फारसे हलत नाहीत. पण सराव रोज व्हायला हवा, आणि रोज उठून मैदानावर जायला त्याला जे कारण लागत होतं ते शर्यतीच्या तारखेने दिलं. माझ्या बडबडीने कधीच दिलं नव्हतं. पंप न चुकता घ्यायलाही तो शर्यती सुरू झाल्यावरच लागला.

आता त्या सकाळबद्दल, कारण तुमच्यापैकी काहींनी ती पाहिली आहे.

800 मीटरची शर्यत होती, हवा थंड होती. आयोजकांनी गट ठरल्या वेळेआधी पुकारला आणि त्याचा वॉर्मअप अर्धवट राहिला. एरवी तो आधी तीन-चार जोरदार छोट्या धावा मारतो. त्यानंतर काही काळ श्वासनलिका तेवढ्या चटकन आकसत नाहीत. त्या दिवशी ते जमलं नाही. तरी चौथा आला. हसत आला. मी टाळ्या वाजवल्या, शेजारणीशी बोलत बसले. लोकांना वाटतं धोका पळताना असतो. बऱ्याचदा तो थांबल्यावर येतो, पाच-दहा मिनिटांनी. तो माझ्याकडे चालत आला आणि म्हणाला, "आई, पा..." पुढचा शब्द निघेना. पाणी की पंप? गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. त्याला ताठ बसवलं, स्पेसर लावला, एक फवारा, चार श्वास, पुन्हा फवारा. असे चार. मग घड्याळाकडे बघत थांबायचं. तशी चार मिनिटं कुणाच्याही वाट्याला येऊ नयेत. फवाऱ्यांच्या दुसऱ्या फेरीनंतर तो पूर्ण वाक्य बोलला: "माझी वेळ किती लागली?"

त्याच वेळी मागून एक बाई म्हणाल्या, "असल्या मुलांना आणतात कशाला?"

त्या रात्री मीही हेच म्हणत होते. बास, आता बंद. तेव्हाच्या मला आज उत्तर द्यायचं तर 1984 ची लॉस एंजेलिस ऑलिंपिक काढता येईल: अमेरिकेच्या 597 खेळाडूंपैकी 67 जणांना व्यायामाने उफाळणारा दमा होता आणि त्या 67 जणांनी 41 पदकं जिंकली. किंवा ब्रिटनची धावपटू पॉला रॅडक्लिफ. दमा असून तिने 2003 मध्ये मॅरेथॉन 2 तास 15 मिनिटं 25 सेकंदांत पळून महिलांचा विश्वविक्रम केला. पण तेव्हाची मी चिडून म्हणेल, ते तिथवर पोचले म्हणून त्यांची नावं आहेत, जे मधेच थांबले त्यांची यादी कुठे आहे? याला माझ्याकडे उत्तर नाही. वर्षानुवर्षं थंड हवेत स्कीइंग करणाऱ्यांना आणि क्लोरीनच्या पाण्यात पोहणाऱ्यांना खेळातूनच दमा जडू शकतो, हेही त्या रात्रीच्या 'मी'ला माहीत आहे. आणि शर्यतीच्या दिवशी मूल त्रास लपवतं, संघातून काढतील म्हणून. आमचाही लपवतो. त्याचं पदक मला आवडतं, हेही तिने माझ्या तोंडावर सांगितलं असतं.

डॉक्टरांनी त्या सकाळनंतर पळणं बंद केलं नाही. रोजच्या पंपाचा डोस तपासला, वॉर्मअपशिवाय सुरुवातीच्या रेषेवर उभं राहायचं नाही असं त्यालाच बजावलं, आणि थंडीत तोंडावर पातळ मफलर घ्यायला लावला. मफलर तो घेत नाही.

आता त्याला 1500 मीटर पळायचं आहे. मी नाही म्हटलंय, त्याचे वडील हो म्हणतात. तुम्ही म्हणता, पोहायला घाला, तिथली हवा दमट असते. बरोबर आहे, दम्याला ती सोसते. पण त्याला पोहायला आवडत नाही, आणि यापुढे हा सल्ला थेट त्यालाच द्या.