टेनरचा श्वास, ऑर्गनचा भाता

ऑर्गन म्हटलं की आमच्या रत्नागिरीकडच्या माणसाला चर्च आठवत नाही, देवळातला उत्सव आठवतो. रंगमंचाखाली एका अंगाला ठेवलेला लाकडी पेटारा, पायडलवर पाय ठेवून बसलेला वादक आणि तिसऱ्या घंटेनंतर नांदीचा सूर. बालगंधर्वांच्या साथीला हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन असे, हे इथे ज्याला स्वतःला सा लावता येत नाही तोही ठणकावून सांगतो. राजापूर तालुक्यात आडिवऱ्याला तर आता नवे ऑर्गन घडवलेही जातात. त्यामुळे जर्मनीतल्या पुतण्याने ‘काका, हे ऐकाच, टेनर आणि ऑर्गन’ म्हणून एका मैफलीचं रेकॉर्डिंग पाठवलं, तेव्हा मी नाट्यगीत ऐकायच्या बेतानेच पडवीत बसलो.

निघालं भलतंच. चर्चची अख्खी भिंत भरून नळ्या आणि खाली काळ्या कोटातला एकटा गायक. माजघरातून सौ.ने विचारलं, “कोण गेलं का हो?”

कोणी गेलं नव्हतं. सेझार फ्रांक या पॅरिसच्या ऑर्गनवादकाने १८७२ साली टेनरसाठी, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुषी गळ्यासाठी, लिहिलेली ती प्रार्थना होती. मुळात साथीला ऑर्गनबरोबर हार्प, चेलो आणि डबल बासही आहेत. गोड चीज आहे. माझ्या जिभेला जरा जास्तच गोड. पण मी ती पुन्हा लावली, आणि दुसऱ्यांदा गाण्यापेक्षा गायकाच्या बरगड्यांकडेच बघत राहिलो. ओळ संपली की खांदे जागचे हलत नाहीत, कोटाचं मधलं बटण तेवढं ताणलं जातं. तेवढ्या वेळात ऑर्गन आपला चालूच.

पाइप ऑर्गनची हीच तर गंमत आहे. तानपुऱ्याची तार छेडली की तिचा नाद विरत जातो, पियानोचाही विरतो. ऑर्गनची पट्टी दाबून धरा, बोट उचलेपर्यंत स्वर तस्साच. त्याला दम लागत नाही. आता हवा विजेच्या पंख्याने भरतात; पूर्वी मागे माणसं भाते मारत, आणि मैफलीच्या जाहिरातीत त्यांची नावं कोणी छापत नसे. अशा न दमणाऱ्या यंत्रापुढे दोन फुप्फुसांच्या भांडवलावर उभं राहायचं म्हणजे टेनरचं धाडसच. जुन्या नाटकवाल्यांसारखा पांढरी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीचा, सा धरला, तर टेनरचा तो नावाजलेला वरचा सी म्हणजे तार सप्तकातला पंचम होतो. तोही मायक्रोफोनशिवाय, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा.

पोहोचतो कसा, याचं उत्तर मोठं मजेदार आहे. तयार ऑपेरा गायकाच्या आवाजात सेकंदाला ३००० कंपनांच्या आसपास एक खास धार असते. वाद्यवृंदाचा जोर त्या भागात कमी पडतो, म्हणून एकटा गळा पन्नास-साठ वाद्यांवरून ऐकू येतो. ऑर्गनचं मात्र तसं नाही. त्याच्या झगझगीत नळ्या नेमक्या तिथेच घुसतात. म्हणून साथ करताना नळ्यांचे संच बोलते करणाऱ्या कुठल्या खुंट्या ओढायच्या यापेक्षा कुठल्या ओढायच्या नाहीत, यात वादकाचं शहाणपण दिसतं. त्यातून तो बहुतेकदा वर गॅलरीत, गायकाकडे पाठ करून, आरशात बघत बसलेला. अंतर चौतीस मीटर असेल तर आवाज पोहोचायलाच सेकंदाचा दहावा भाग जातो. म्हणजे समेवर येण्यासाठी समेच्या आधीच निघायचं!

आमच्या उत्सवात ऑर्गन वाजवणाऱ्या अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, “आरसा कशाला? मला गाणाऱ्याची मानेची शीर दिसते.” खरं आहे. अण्णांचा ऑर्गन पायांवर चालतो, म्हणजे तोही दमतो. गाणारा वन्समोअरवर वन्समोअर घ्यायला लागला, की पायडलचा ठेका आधी जड होतो, मग अण्णा एका पायावर येतात आणि शेवटी नुसतेच रागाने बघतात. ही दोघांनी मिळून दमण्याची साथ मला जास्त जवळची वाटते. पण वजन म्हणाल तर ते नळ्यांचंच. बत्तीस फुटी नळीचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला साधारण १६ कंपनांचा. कानाची हद्दच २० च्या आसपास, त्यामुळे तो ऐकू येण्यापेक्षा बाकाला आणि छातीला कळतो. फोनवर अर्थातच काही कळत नाही. आषाढात रात्री समुद्र खवळला की आमच्या खिडकीची तावदानं आपोआप थरथरतात, तसं काहीतरी असणार.

हे व्हेर्दी या इटालियन संगीतकाराला नेमकं ठाऊक होतं. पोरवयात तो गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. त्र्याहत्तराव्या वर्षी, १८८७ मध्ये, त्याचा ‘ओटेल्लो’ हा ऑपेरा मिलानला रंगमंचावर आला. त्याची सुरुवातच वादळाने होते. बंदरावर लोक जमलेत, सेनापतीचं गलबत आत येतं की फुटतं याकडे सगळ्यांचे डोळे. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर एकदा तरी उभं राहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. इथे ऑर्गनवाला पायांखालच्या पट्ट्यांवरचे खालचे तीन लागोपाठचे स्वर, पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, एकदमच दाबतो आणि वादळ ओसरेपर्यंत पाय उचलत नाही. आपल्याकडे कोणी असे तीन स्वर एकत्र धरले तर पेटीवरून उठवतील. त्या गुरगुराटावर टेनर, म्हणजेच तो सेनापती, गलबतातून उतरतो आणि थेट विजयाची आरोळी ठोकतो. आधी गळा तापवायला एक ओळसुद्धा नाही. मला फ्रांकच्या प्रार्थनेपेक्षा हे दहापट आवडलं. भक्तीत ऑर्गन गायकाला सांभाळून घेतो, इथे तो त्याला बुडवायला बसलाय.

अण्णांना मात्र तिसरीच गोष्ट भावली. फिलिपिन्समध्ये लास पिनास गावी दिएगो सेरा नावाच्या पाद्रीने १८२४ साली पुरा केलेला ऑर्गन आहे. त्याच्या १०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या. कीड लागू नये म्हणून बांबू कापल्यावर समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवले होते. अण्णांच्या परड्यात माणगा बांबूची चार बेटं आहेत. त्यांनी मला दोनदा विचारलं, वाळू भरतीच्या रेषेच्या वरची की खालची. मग थोडा वेळ गप्प बसले. पावसाळ्यात पट्ट्या फुगू नयेत म्हणून त्यांच्या ऑर्गनच्या पोटात दिवा पेटता ठेवावा लागतो, गेल्या वर्षी उंदराने भात्याचं कातडं खाल्लं, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून सरकत असावं.

“हजार नळ्या,” ते म्हणाले, “म्हणजे उंदरांना हजार बिळं. मांजरं किती पाळलीयेत, ते विचार तुझ्या पुतण्याला.”